थूल सिस्टरचं हसणं

थूल सिस्टर गंमत सांगायच्या आधीच हसायला लागायच्या. गंमत नंतर यायची. कधी यायचीच नाही, कारण तोवर त्यांना ठसका लागलेला असायचा आणि पाणी आणून देण्यात आमचा वेळ जायचा. ठसका ओसरला की पदरानं डोळे पुसत विचारायच्या, "समजलं न तुम्हाले?" आम्हाला काहीही समजलेलं नसायचं. पण तोवर आम्ही पोटभर हसून घेतलेलं असायचं.

राळेगाव तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी नऊ वर्षं औषधं देत होतो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं माझी अजून उठबस आहे, आणि ज्या घरांबद्दल लिहिणार आहे त्यातलं एक घर मला अजून पंगतीला बोलावतं. त्या केंद्रात निर्मला थूल या आरोग्यसेविका होत्या. कपाशीवर अळी पडायची, ती वर्षं. आधी लोक फवारायचे एकदा, मग दोनदा, मग अळी दिसो न दिसो आठवड्याला. पाठीवर पंप बांधून दिवसभर फवारणारे मजूर संध्याकाळी आमच्याकडे यायचे, डोळ्यांतून पाणी गळत, हातपाय थरथरत. पंचायतीसमोरच्या पारावर बसलेल्या माणसांचे आवाज त्या वर्षांत खाली गेले होते. सगळं गाव कुजबुजत असल्यासारखं वाटायचं. अशा गावात थूल सिस्टरचा ठसका चार घरं पलीकडे ऐकू जायचा.

आडनाव थूल आणि बांधा काडीसारखा. त्यावरही त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं. "नावापुरतीच थूल आहो मी. बाकीची फिरून फिरून झिजली."

मी रुजू झालो त्या दिवशी केंद्राचे डॉक्टरसाहेब रजेवर होते. सिस्टरनं मला खुर्ची दिली आणि समोर बसून चौकशी सुरू केली.

"नाव?"

"श्रीकांत."

"पुढं?"

"देशपांडे."

"गाव कोणतं म्हणाले?"

"यवतमाळच. वडील कलेक्टर कचेरीत होते. आजोबाही."

"अन् मामाकूळ?"

मी मामाकूळ सांगितलं, मामा कोणत्या खात्यात आहे तेही सांगितलं. मला वाटलं, बाई आपुलकीनं विचारताहेत. सगळं ऐकून घेतल्यावर त्या हसायला लागल्या. "पहा बाप्पा, किती पटापटा सांगितलं तुम्ही! मले कोणी आडनाव विचारलं तं मी आधी चहा येऊ देते, मंग सांगते. आडनाव आधी गेलं, तं निघालेला चहा दारातून वापस जाते."

आणि ठसका. मी हसावं की गंभीर व्हावं ते मला कळेना. खरं सांगायचं तर ते मला पुढची नऊ वर्षं नीट कळलं नाही. तेवढ्यात त्यांनी स्टोव्हवरचा चहा दोन कपांत ओतला आणि एक माझ्यापुढं सरकवला. "आमच्या हातचा चालते न? नाही चालत तं सांगून द्या, मी दोन्ही पिते. माह्यं काही नुकसान नाही." मी कप उचलून एका दमात पिऊन टाकला. जीभ भाजली. त्या बारकाईनं माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "अजून तं काही झालं नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहू."

सिस्टरच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. वडील शाळेत शिपाई होते आणि सिस्टर तालुक्यात नर्सिंग शिकलेल्या पहिल्या दोन-तीन मुलींपैकी एक. धर्म बदलला, नोकरी आली, वस्तीत पक्कं घर उठलं. पण गावाच्या डोक्यातला त्यांचा पत्ता तोच राहिला, ओढ्यापलीकडचा. सिस्टर रोज ओढा ओलांडून यायच्या आणि गावातल्या प्रत्येक घरात जायच्या, कारण गरोदर बाई, तापलेलं लेकरू आणि म्हातारीचा दमा हे ओढ्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच होते.

वस्तूंना नावं ठेवायची त्यांना हौस होती. रक्तदाब मोजायच्या यंत्राला त्या 'साहेब' म्हणायच्या. "हवा भरली की फुगते, सोडली की खाली बसते. अन् मधात नुसता टिकटिक करते." त्यामुळे खुद्द साहेब खोलीत असताना कोणी "साहेब आणा जरा" म्हटलं की माझ्यापासून सफाई कामगारापर्यंत सगळे छताकडे बघायला लागत. साहेबांना कधी उलगडा झाला नाही. पेशंटना मात्र झाला होता, आणि दंडाला पट्टा बांधून घेताना म्हातारे हळूच विचारायचे, "बाई, आज साहेबाचा मूड कसा हाये?"

गावात एक मोठं घर होतं. जमीन भरपूर, माणसं चांगली, देणंघेणं सढळ. त्या घरच्या आजी सिस्टरला बघितल्याशिवाय औषधाची गोळी गिळत नसत. सिस्टर गेल्या की चहा व्हायचाच. मात्र सिस्टरचा कप वेगळा होता. छपरीतल्या कोनाड्यात, शेणकुटाच्या टोपलीच्या वर, कानतुटका. चहा वरून ओतला जायचा. पिऊन झाला की सिस्टरनं तो स्वतः विसळून कोनाड्यात ठेवायचा. सिस्टर आम्हाला सांगायच्या, "सरकारनं नोकरीत राखीव जागा देली, आजीनं कपात देली. दोन्हीकडं आपलं पक्कं हाये, कोणी दुसरा येऊन बसत नाही." हे सांगताना त्या जितक्या हसायच्या तितकं आमच्यापैकी कोणाला हसता यायचं नाही. एकदा मी म्हणालो, "सिस्टर, पिऊच नका ना तिथं चहा." त्या म्हणाल्या, "चहा सोडला तं त्या घरची सून तपासाले कोण जाईन? तुम्ही?"

त्या सुनेचे दिवस भरत आले होते. एका दुपारी निरोप आला की कळा सुरू झाल्यात, गाडी गावात नाही, साहेब मीटिंगला गेलेले. सिस्टर पुढं पळाल्या. मी मागून सायकलवर इंजेक्शनं आणि निर्जंतुक सामानाचा डबा घेऊन पोचलो. मला छपरीतच उभं केलं. आत सिस्टरचा आवाज येत होता, एरवीपेक्षा वेगळा, सपाट आणि हुकमी. "श्वास घे. आता नाही. आता. शाब्बास." मग बराच वेळ काही नाही. मग लेकराचं रडणं.

आजी दारात खिळल्यासारख्या उभ्या होत्या. सिस्टर बाहेर आल्या. कपाळावरून घाम गळतोय, कोपरापर्यंत हात भरलेले, आणि हातांत पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला, अजून ओला, लालबुंद नातू. आजींनी हात पुढं केले. सिस्टरनं लेकरू दिलं नाही. कोनाड्याकडे मान वळवली आणि अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "आजी, याले कुठं ठेवू? तिथं माह्या कपापाशी ठेवू का? पहिला हात माहाच लागला याले."

आजींचे हात तसेच पुढं. लेकरानं एक जांभई दिली. आणि मग आजींच्या तोंडून असा काही आवाज निघाला की मला वाटलं त्या रडताहेत. पण त्या हसत होत्या. तोंडावर पदर धरून, लाजल्यासारख्या. "दे व माय," म्हणाल्या, "दे. नको मारू अजून." सिस्टरनं लेकरू त्यांच्या हातात ठेवलं.

पुढच्या खेपेला चहा घरातल्या कपबशीतून आला. हे मी मोठ्या उत्साहानं सगळ्या स्टाफला सांगत सुटलो. सिस्टरनं मला थांबवलं. "पूर्ण तं ऐका. पिऊन झाल्यावर आजीनं ते कपबशी चुलीच्या राखेत घातली. मी पाहून राह्यली हे तिले माहीत नव्हतं." आणि माझं तोंड उतरलेलं बघून त्याच मला समजावायला लागल्या, "असं नका करू भाऊ. अर्धं ऑपरेशन झालं. टाके राह्यले."

पुण्याहून एक विद्यार्थिनी आली होती ती याच सुमाराची गोष्ट. चांगली, मनमिळाऊ मुलगी. ज्यांना जातीवरून भेदभाव सोसावा लागतो ती माणसं विनोद कसा वापरतात, यावर तिचा अभ्यास चालला होता. साहेबांनी तिला सिस्टरच्या हवाली केलं. सिस्टरनं ओढ्यापलीकडच्या समाजमंदिरात कापूस वेचून आलेल्या बायका गोळा केल्या आणि मला हजेरी मांडायला नेलं. मुलीनं छापील कागद काढला आणि पहिला प्रश्न वाचला. "अपमानाच्या प्रसंगी आपण विनोदाचा आधार घेता का? कधीच नाही, क्वचित, अनेकदा, नेहमी."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "हसण्याचा सर्व्हे हाये का हा? हप्त्याले किती वेळा हसलं तं पास?" दुसरी म्हणाली, "जास्त नको सांगू व, राशन कार्डावरचं नाव कापतीन. म्हणतीन, हे तं खुशाल हाये." मग जो हलकल्लोळ झाला त्यात तो कागद पुढं सरकलाच नाही. मुलगी हुशार होती. तिनं कागद बाजूला ठेवला आणि सरळ सिस्टरलाच विचारलं, "ताई, तुम्ही स्वतःच्याच लोकांवर, स्वतःवर एवढे विनोद करता. वाईट नाही वाटत?"

सिस्टर म्हणाल्या, "हे पहा, आपली खाट आपण उन्हात आपटतो, काहून? ढेकूण पडावे म्हणून. शेजाऱ्यानं येऊन आपटली तं तो ढेकणासाठी नाही आपटत."

मुलीनं ते लिहून घेतलं. सिस्टरनं तिच्या वहीत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "ढेकूण बरोबर लिहिला न? नाही तं तिकडं लोक समजतीन, आम्ही लय ढेकणं पाळतो."

मला त्या दिवशी वाटलं होतं की मला सगळं समजलं. तसं नव्हतं, हे महिन्याभरातच सिद्ध झालं.

तालुक्याला मासिक सभा होती. लसीकरणात त्या वर्षी सिस्टर तालुक्यात पहिल्या आल्या होत्या. चिखल तुडवत, डोक्यावर लसीचा डबा घेऊन त्या पोडापोडांवर, आदिवासींच्या आडवाटेच्या वस्त्यांवर, फिरल्या होत्या, हे आम्ही बघितलं होतं. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि सगळ्यांकडे बघत म्हणाले, "थूल सिस्टर पहिल्या! चला, एकदा तरी ओपनमधून आलात."

सभा हसली. चाळीसेक माणसं होती. मीही हसलो. वाक्य पूर्ण समजायच्या आत हसलो, साहेब हसले की हसायचं असतं तसा.

सिस्टर हसल्या नाहीत. उभ्या राहिल्या. "साहेब, मले समजलं नाही."

"अहो, ओपनमधून. म्हणजे मेरिटवर."

"हो. मंग याच्या आधी कायच्यावर आली होती?"

"मजाक केली हो, सिस्टर."

"मजाक हाये हे समजलं साहेब. हसायचं कुठं, ते समजून नाही राह्यलं. परत एक डाव सांगता का?"

अत्यंत नम्र आवाज होता. चेहऱ्यावर खरोखर न समजल्याचे भाव. साहेबांनी परत सांगायला सुरुवात केली, अर्ध्यात अडकले, "म्हणजे आपलं ते आरक्षण असतं ना," म्हणाले, आणि मग कोणाकडे बघावं तेच त्यांना सुचेना. दुसऱ्यांदा कोणीही हसलं नाही. "पुढचा विषय," साहेब म्हणाले. सिस्टर "बरं साहेब" म्हणून बसल्या.

परतीच्या एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या. खिडकीबाहेर कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, बोंडं काळी पडलेली. कापसी गेलं, वाढोणा गेलं. शेवटी बाहेर बघतच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही हसले."

"सगळे हसले म्हणून हसलो, सिस्टर."

"सगळ्यांचं मी नाही म्हणून राह्यली. त्यांना मी चहा नाही पाजला."

मी म्हणालो, "चूक झाली." त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, बराच वेळ. मग त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "तोंडी नाही चालत. अर्ज करा. तीन प्रतीत, अन् साहेबाची सही घेऊन."

मी हसलो नाही. हसायचं की नाही ते मला खरंच ठरवता आलं नाही. त्यांनीच कोपरानं ढोसलं, "हसा आता. हे माह्यं हाये."

दोन महिन्यांत सिस्टरच्या बदलीचा हुकूम आला. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, महागाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात. कारण प्रशासकीय. सगळ्यांना कारण माहीत होतं आणि कोणी काही बोललं नाही, मीही नाही. निवेदन द्यावं असं माझ्या मनात आलं होतं. मनातच राहिलं. जाताना सिस्टरनं सगळ्यांचा निरोप घेतला. मोठ्या घरच्या आजी नातवाला कडेवर घेऊन स्टँडपर्यंत आल्या होत्या. पंधरा दिवसांनी सिस्टरचा फोन आला. "भाऊ, साहेबाचं म्हणणं खरं झालं. आता मी पक्की ओपनमध्ये आहो. उपकेंद्राले छप्परच नाही."

त्यानंतर वर्षा-दीड वर्षानं एका लग्नासाठी मी महागावला गेलो. लग्न आटोपल्यावर वाट काढत सिस्टरच्या उपकेंद्रावर पोचलो. छपरावर आता पत्रे आले होते. सिस्टर आणखी वाळल्या होत्या. मला बघून खूश झाल्या, पण ठसका काही लागला नाही. "चला माह्यासोबत," म्हणाल्या, "एका घरी जायचं हाये. मंग चहा."

रस्त्यात त्यांनी सांगितलं. शेवंता नावाची कापूस वेचणारी बाई. तिचा नवरा दुसऱ्याच्या शेतात फवारा मारायला जायचा. वारा तोंडावर होता, घरी आला तेव्हा त्याला दिसेनासं झालं होतं. सिस्टर त्याच्यासोबत गाडीत बसून यवतमाळपर्यंत गेल्या. तिसऱ्या दिवशी तो गेला. तेव्हापासून शेवंता बोलत नव्हती. सासूनं भरवलं तर दोन घास, नाही तर तेही नाही. "बारा दिवस झाले. रोज जाते मी. बसते, अन् वापस येते."

"तुम्ही तर माणसाला हसवू शकता, सिस्टर."

मी हे चांगल्या मनानं म्हणालो होतो. त्या रस्त्यातच थांबल्या. "तिच्या घरी मी मजाक नाही नेत. ते काय गोळ्याचं पाकीट हाये? त्या पोरीच्या सगळ्या गावात मजाका चालायच्या. वेचणीच्या बायकांत ते माह्या चालण्याची नक्कल करे. तिचं तिच्यापाशीच हाये. आपण फक्त जाऊन बसायचं."

कुडाचं घर होतं. शेवंता खांबाला टेकून बसली होती, पंचविशीची असेल. सिस्टर तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. नाडी बघितली, सोडली. काही बोलल्या नाहीत. मी अंगणात बाजेवर टेकलो. सासू आत चुलीपाशी होती. अर्धा तास असाच गेला. एक शेळी येऊन सिस्टरच्या पिशवीचा पट्टा चघळून गेली, तरी सिस्टर हलल्या नाहीत.

मग शेवंतानं मान वळवली. सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. घसा बसलेला होता, शब्द फुटायला वेळ लागला. "बाई, तब्येत बरी नाही का तुमची?"

"काहून व?"

"बारा दिवस झाले, दात नाही दाखवले. मले वाटलं, पडले का काय."

सिस्टरनं तोंड उघडलं, मोठ्ठं, डॉक्टरला दाखवतात तसं, आणि बोट घालून म्हणाल्या, "मोज. एक दाढ कमी हाये, बाकी पूर्ण."

शेवंता खरंच वाकून बघायला लागली, आणि बघता बघता तिला हसू फुटलं. बारीक, कोरडं, खोकल्यासारखं. ते वाढत गेलं. ती सिस्टरच्या खांद्यावर पडली आणि मग जे रडू आलं ते आवरेना. आतून सासू धावत आली. सुतकाच्या घरात हसणं ऐकून ती घाबरली होती. सिस्टर एका हातानं शेवंताची पाठ थोपटत दुसऱ्या हातानं म्हातारीला खुणावत होत्या. "काही नाही माय. भाकर टाका. मलेही टाका एक."

म्हातारीची भाकर झाली तोवर माझ्या चारच्या एसटीची वेळ झाली. उठलो, पण सिस्टरनं माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही हाक मारली नाही. त्यानंतर आमची भेट झाली नाही. अंगणाच्या कडेला पोचल्यावर मी एकदा मागं वळलो. दोघींच्या पुढ्यात एकच ताटली होती. ज्वारीची भाकर, वर मिरचीचा ठेचा. शेवंता घास मोडत होती. आणि थूल सिस्टर, शेजारीच बसून, तिच्याकडे जराही न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत आपला घास चावत होत्या. बघितलं असतं तर ती थांबली असती.